सुगंधी भातांचे गणगोत : प्रस्तावना

मुंबईत वाण्याकडे सुगंधी तांदूळ मागितला की त्याचा हात आधी बासमतीच्या पोत्याकडे जातो. बासमतीचा दाणा लांब आणि सडसडीत असतो, शिजल्यावर आणखी लांबतो. तो उत्तम आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आणि पूर्व विदर्भातल्या तळ्यांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जे सुगंधी भात पिकत आले, त्यांचा दाणा बहुतेक आखूड किंवा मध्यम असतो. मुळशी-मावळचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ आणि काळा जिरगा, भंडाऱ्याचा चिनोर, अकोले तालुक्यातल्या डोंगरांतला रायभोग, शिवाय जिरेसाळ, कोथिंबीरसाळ, वेलची. निर्यातीच्या बाजारात दाण्याची लांबी हाच मोठेपणा ठरल्यामुळे ही सगळी मंडळी मागे पडली. या पुस्तकाचा विषय ती आहेत, आणि त्याहूनही अधिक त्यांच्यातला फरक : एका वाणाचा दुसऱ्याशी असलेला फरक आणि एकाच वाणाच्या पोटात दडलेले फरक.

पुढच्या पानांत शिरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सुगंध वाचवणे आणि सुगंधी वाण वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम आज प्रयोगशाळेला अवघड राहिलेले नाही. दुसरे काम शेतातच होते, दरवर्षी होते, आणि एखाद्या पावसाळ्यात चुकले की कायमचे चुकू शकते.

आधी वाण म्हणजे काय ते पाहू. कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या जातीची सगळी रोपे जवळजवळ एकसारखी असतात, कारण एकाच निवडलेल्या रोपाच्या वंशातून तिचे बियाणे वाढवलेले असते. पारंपरिक वाणाचे तसे नसते. आंबेमोहराच्या जुन्या शेतात बांधावर उभे राहून निसवलेल्या लोंब्या नीट पाहिल्या तर एखादी लोंबी चार दिवस पुढे असते, एखादीच्या दाण्याला आखूड कुसळ असते, एखाद्या रोपाच्या खोडावर जांभळट झाक दिसते. शेतकरी या सगळ्याला आंबेमोहरच म्हणतो आणि ते बरोबर आहे. तो वाण म्हणजे एकमेकांच्या जवळच्या अनेक वंशांचा मेळा असतो. पाऊस लवकर उघडला तर त्यातले काही वंश तग धरतात, करपा आला तर दुसरे काही. सगळेच एकदम बुडत नाहीत.

हे फरक टिकून राहतात ते भाताच्या फुलामुळे. भाताचे फूल सकाळी उशिरा, ऊन चढू लागल्यावर उघडते. तूस बनणारी दोन सालपटे जरा फाकतात, आतून सहा परागकोश बाहेर लोंबतात, आणि तास-दीड तासात सालपटे पुन्हा मिटतात. उघडता उघडताच पराग आपल्याच फुलातल्या दोन पिसासारख्या कुक्षींवर पडलेले असतात. त्यामुळे भात बहुतांशी स्वतःशीच फळतो आणि शेजारच्या शेतातल्या वाणाशी संकर होण्याचे प्रमाण फार थोडे राहते. म्हणूनच दोन बांधांच्या अंतरावर घनसाळ आणि काळा जिरगा आपापले रूप राखून पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकतात. प्रमाण थोडे असले तरी ते शून्य नसते. अधूनमधून पराग वाऱ्याने पलीकडे जातो, नवे मिश्रण तयार होते, आणि कापणीच्या आधी शेतात हिंडून बियाण्यासाठी लोंब्या खुडणारी बाई त्यातले काही ठेवते, काही टाकते. सुगंधी भातांची आजची विविधता या दोन गोष्टींतून घडली : फुलाचा मिटून राहण्याचा स्वभाव आणि माणसाची निवड.

आता वासाकडे वळू. तांदळाच्या वासात शंभराहून अधिक बाष्पशील द्रव्ये सापडली आहेत, पण ज्याला आपण सुगंधी तांदळाचा वास म्हणतो तो प्रामुख्याने एका रेणूचा असतो. त्याचे नाव २-असेटिल-१-पायरोलीन. अमेरिकेतील बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२-८३ मध्ये त्याची ओळख पटवली. एक अब्ज भाग पाण्यात त्याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. हाच रेणू कोकणात वासासाठी भाताच्या पातेल्यात टाकल्या जाणाऱ्या पॅन्डनच्या पातीत असतो, भाजलेल्या मक्याच्या लाह्यांत असतो, आणि मोहाच्या फुलांतही सापडला आहे. मोहाच्या फुलांत तो कसा बनतो याचा अभ्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. अल्ताफहुसेन नदाफ यांच्या गटाने केला. याच गटाने देशी सुगंधी भातांतील या रेणूचे आणि त्याच्या जोडीच्या इतर द्रव्यांचे मोजमाप केले. त्या कामातून दिसते की प्रत्येक वाणात मुख्य रेणूचे प्रमाण वेगळे असते आणि साथीच्या द्रव्यांचा मेळही वेगळा असतो. घनसाळ आणि चिनोर डोळे मिटून वेगळे ओळखणाऱ्या माणसाचे नाक खोटे बोलत नाही, याला असा आधार मिळतो.

वास आहे की नाही हे पाहण्याची पैदासकारांची एक जुनी रीत आहे. सूद आणि सिद्दिक यांनी ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. रोपाच्या कोवळ्या पानाचे बारीक तुकडे करून काचेच्या बशीत घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १.७ टक्के द्रावण ओतायचे, झाकण लावून सुमारे दहा मिनिटे ठेवायचे, मग झाकण किंचित सरकवून हुंगायचे. दाणा भरण्याची वाट न बघता रोपाचा वास असा कळतो. शेकडो रोपे हुंगून नाक थकते, म्हणून दोन-तीन जणांनी आळीपाळीने हुंगायचे असते. आज जनुकखुणा वापरून हेच काम अधिक नेमके होते, पण भारतातल्या अनेक सुगंधी जाती या बशीवरच्या परीक्षेतून गेलेल्या आहेत.

वासाचे जनुक भाताच्या आठव्या गुणसूत्रावर आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते उघड केले. त्याला थोडक्यात बीएडीएच-२ म्हणतात. साध्या भातात या जनुकापासून बनणारे विकर एका द्रव्याचे रूपांतर पुढच्या द्रव्यात करते आणि गोष्ट तिथेच संपते. बहुतेक सुगंधी भातांत या जनुकातली आठ अक्षरे गळालेली असतात, त्यामुळे विकर निकामी होते. पाटाचे एक तोंड बुजले की पाणी शेजारच्या वाफ्यात शिरते, तसे साठलेले द्रव्य दुसऱ्या वाटेने जाते आणि त्यातून सुगंधाचा रेणू बनतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण दुप्पट पैसे मोजतो तो एका बिघाडातून आला आहे. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच भात वासाचा होतो.

कॉर्नेल विद्यापीठातील कोवाच, मॅक्कूच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या बिघाडाचा माग काढला. आठ अक्षरांची ती गळती जपोनिका वंशाच्या भातात एकदाच घडली आणि माणसाच्या निवडीबरोबर इतर वंशांत पसरली, असे त्यांना आढळले. त्याखेरीज याच जनुकातले वेगळे बिघाड इतरत्र स्वतंत्रपणे घडले आणि तेही माणसाने टिपून ठेवले. त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, फ्रान्सच्या ग्लासमान यांनी आशियातील १,६८८ पारंपरिक भातांची विकरे तपासून त्यांचे सहा गट पाडले होते. त्यांत बासमती आणि तिचे नातलग एका स्वतंत्र गटात आले, नेहमीच्या इंडिका भातांपासून बरेच दूर. थोडक्यात, सुगंधी भात ही एक जात नाही. वासाचे जनुक सारखे असलेले दोन वाण बाकी सगळ्या बाबतींत एकमेकांना परके असू शकतात. भाताच्या जवळजवळ चाळीस हजार जनुकांपैकी एकाविषयी आपण बोलत होतो. फुलण्याची वेळ, खोडाची उंची, मुळांची खोली, रोग सोसण्याची ताकद, दाण्यातल्या पिष्टाचा चिकटपणा, हे सारे उरलेल्या जनुकांत आहे. आणि घनसाळचे घनसाळपणही तिथेच आहे.

मी राहतो त्या कांजूरमार्गाचा या विषयाशी काय संबंध, असे कुणी विचारेल. कांजूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे आणि तिच्या काठाने मिठागरे पसरली होती. काही जागा अजून तशी दिसते. साष्टीच्या अशा खाडीकाठच्या जमिनींत बांध घालून, पावसाच्या पाण्याने खार धुऊन, भात पिकवण्याची रीत जुनी आहे. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन गावठाणांचे जगणे मीठ, मासळी आणि भात या तिन्हींवर चाले. खाऱ्या जमिनीत चालणारे वाण वेगळे होते : तांबड्या दाण्याचे, जाड, चिवट. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने निवडलेले काळा राता आणि भुरा राता हे अशांपैकीच. खार सोसणाऱ्या भातांवरच्या जगभरच्या अभ्यासात ही दोन नावे येतात.

या रात्याला वास नाही. पण त्याच्यामुळे वासाची किंमत समजते. ऑस्ट्रेलियातच झालेल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, सुगंधी भाताला खाऱ्या पाण्याची झळ बिनवासाच्या भातापेक्षा जास्त लागते आणि दाण्याचे उत्पादन अधिक घटते असे दिसले. वासासाठी निकामी झालेले विकर रोपाला खाराच्या ताणात उपयोगी पडत असावे. म्हणजे निसर्गात वास फुकट मिळत नाही. सुगंधी भात डोंगरउतारावर, गोड्या पाण्याच्या, थंड रात्रींच्या खाचरांत रमले आणि खाडीकाठची जमीन रात्यासारख्या भातांनी धरली, यात शेतकऱ्याची पिढीजात पारख दिसते. समुद्राची पातळी वाढत असताना कोकणपट्टीला रात्याची जनुके लागतील आणि चवीच्या भातासाठी घनसाळची. एकाला वाचवून दुसऱ्याला सोडण्याची चैन आपल्याला परवडणार नाही.

आता गमावल्याचा हिशोब. आंबेमोहराचे माहेर असलेल्या मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी धरण बांधायला घेतले तेव्हा खोऱ्यातली सुपीक भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात अग्रभागी होते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालेच. मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण आपण जमीन आणि विस्थापनासाठी काढतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या खाचरांत शेकडो वर्षे बियाणे निवडले गेले ती खाचरे बुडाली म्हणजे निवडीचा तो इतिहासही बुडाला. मुंबईच्या दिव्यांमागे मावळातल्या भाताचाही त्याग आहे, हे मुंबईकराने जाणले पाहिजे.

दुसरा धक्का शांतपणे आला. १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही ठेंगणी जात प्रसारित केली. खताची मात्रा वाढवली तरी ती लोळत नसे. आपले जुने सुगंधी वाण उंच. लोंबी भरली आणि परतीचा पाऊस आला की शेत आडवे. शिवाय ते गरवे, उशिरा तयार होणारे, आणि एकरी उतारा कमी. घरच्या खाण्यापुरता एक तुकडा आंबेमोहराचा आणि विक्रीसाठी नवी जात, अशी वाटणी सुरू झाली. मग मजूर मिळेनात तसा तो एक तुकडाही गेला. शेतकऱ्याने हिशोब पाहिला यात त्याचा दोष काढता येत नाही.

या पेचातून निघालेली महाराष्ट्राची मोठी देणगी म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती तयार झाली आणि १९८७ मध्ये प्रसारित झाली. वास राहिला, खोड आखूड झाले, उतारा वाढला. मावळ-मुळशीतल्या हजारो कुटुंबांना तिने आधार दिला आणि पुण्या-मुंबईच्या ताटात मऊ, वासाचा भात परत आणला. पुढचे पाऊल तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे. त्याने रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयासह छत्तीसगडच्या दुबराज या सुगंधी वाणावर किरणोत्साराचा प्रयोग करून त्याचे बुटके रूप मिळवले. या कामांचा मला अभिमान आहे. तरीही इंद्रायणी ही आंबेमोहराची जागा घेणारी जात आहे, आंबेमोहर नाही. पुढे इंद्रायणीवर एखादा नवा रोग आला तर पैदासकार ताकदीचे जनुक शोधायला पुन्हा जुन्या वाणांकडेच जाणार. ते तोवर कुठे असतील, हा प्रश्न आजच सोडवावा लागतो.

ते ठेवण्याच्या दोन जागा आहेत : शीतगृह आणि शेत. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. आपल्या देशात डॉ. रा. ह. रिछारिया यांनी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून १९,००० हून अधिक नमुने गोळा केले. एका माणसाच्या ध्यासातून उभा राहिलेला एवढा संग्रह जगात विरळा. पण शीतगृहातले बी थांबलेले असते. बदलता पाऊस आणि नवे रोग यांच्याशी त्याची गाठ पडत नाही. शेतातले बी दर हंगामात थोडे थोडे बदलत राहते. म्हणून अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे काम तितकेच मोलाचे. गावरान बियाणे जपून, वाटून, पुन्हा पेरून त्यांनी जी बँक उभी केली तिला २०२० मध्ये पद्मश्रीच्या रूपाने देशाची दाद मिळाली. बाएफ संस्थेने जव्हार आणि अकोल्यात आदिवासी शेतकऱ्यांबरोबर भाताच्या स्थानिक वाणांचे जे काम केले त्यातून काळभात, रायभोग, जिरवेल अशी नावे पुन्हा लोकांसमोर आली.

कायदाही काही प्रमाणात बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवता येते आणि बियाणे राखण्याचा, बदलण्याचा, ब्रँडविना विकण्याचा त्याचा हक्क मान्य झाला आहे. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वाडा कोलमला २०२१ मध्ये. मानांकनाने नावाची चोरी रोखता येते आणि भाव मिळण्याची वाट खुली होते. मात्र एक सावधगिरी हवी. मानांकनासाठी वाणाचे वर्णन लिहावे लागते, आणि लिहिलेले वर्णन एकसारखेपणाकडे ओढते. चार दिवस पुढे असलेली लोंबी, कुसळाचा दाणा, जांभळट खोड यांना भेसळ समजून काढून टाकले तर नाव वाचेल आणि आतला मेळा जाईल. घनसाळचे बियाणे शुद्ध करताना त्याच्या पोटातले वेगवेगळे वंश आधी नोंदून, वेगळे राखून मगच पुढे जावे, हा आग्रह या पुस्तकात ठिकठिकाणी दिसेल.

शहरातल्या माणसाचा वाटा बाजारात आहे. 'आंबेमोहर' अशी पाटी लावून दुसराच बारीक तांदूळ सर्रास विकला जातो. पाटीवरचे नाव एवढेच आपल्याला पुरते, म्हणून हे चालते. दुकानदाराला तालुका विचारावा, हंगाम विचारावा. नव्या तांदळाचा वास आणि वर्षभर पडून राहिलेल्या तांदळाचा वास यांत फरक असतो, कारण तो रेणू साठवणीत हळूहळू उडून जातो. सणासुदीचा दोन-चार किलो का होईना, थेट आजऱ्याच्या किंवा मुळशीच्या शेतकरी गटाकडून घ्यावा आणि त्याच्या कमी उताऱ्याची भरपाई होईल असा भाव द्यावा. हे उपकार नाहीत. पुढच्या पैदासकाराला लागणारी जनुके तो शेतकरी आपल्या खर्चाने राखतो आहे. आपण त्या राखणीचा थोडा भाग उचलतो इतकेच.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात वाणांची आणि त्यांच्या गावांची ओळख आहे, दुसऱ्यात वासाचे रसायन आणि जनुकांची नाती आहेत, तिसऱ्यात बियाणे, कायदा आणि बाजार. घाई असलेल्या वाचकाने तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल, कारण निकड तिथे आहे. वाण पेरला तरच राहतो, आणि विकला गेला तरच पुढच्या वर्षी पेरला जातो. या साखळीतली शेवटची कडी स्वयंपाकघरात आहे आणि ती आपल्या हातात आहे. वाचकांनी ती घट्ट धरावी, एवढ्यासाठी हे लिहिले.

कांजूरमार्ग, मुंबई